पालिकेच्या तिजोरीची चावी कोणाकडे द्यायची हे ठरतं कसं?

परवा भाजी घेताना समोरच्या विंगमधल्या काकू भेटल्या आणि म्हणाल्या, "अगं, ते आपल्या पुणे महापालिकेचे मुख्य लेखा अधिकारी म्हणजे नक्की कोण गं, मधूनमधून पेपरात येतं, बाहेरचा आणला, आतल्याला डावललं, मुदतवाढ दिली, आणि लोक भांडतात पारदर्शकता नाही म्हणून. मला त्यातलं काही कळत नाही आणि खरं सांगू का, आपल्याला काय फरक पडतो तेही कळत नाही." काकू दरवर्षी सवलत मिळावी म्हणून मुदतीच्या आत मिळकतकर भरतात, पावती फाईलला लावतात, आणि तरी त्यांना वाटतं की हा आपला विषय नाही. मला ते फार लागलं. म्हणून जमेल तितक्या साध्या भाषेत लिहितेय.

आधी सोसायटीचा खजिनदार

मी आमच्या सोसायटीची तीन वर्षं खजिनदार होते. ५२ फ्लॅट, सिंहगड रोड. हिशोब काय, तो टॅलीमध्ये आमचा अकाउंटंट लिहायचाच, त्यासाठी खजिनदार लागत नाही. खजिनदार लागतो तो चेकवर दुसरी सही करायला, आणि त्याहून जास्त म्हणजे वेळ आली तर सही न करायला. गच्चीचं वॉटरप्रूफिंग अर्धंच झालेलं असताना चेअरमन म्हणाले की ठेकेदाराला बहुतेक सगळे पैसे देऊन टाकू, त्याची अडचण आहे. मी म्हटलं एक पाऊस पडू दे, मग देऊ. दोन आठवडे कुरबुर चालली, मी सही केली नाही. पुढच्या कमिटी मीटिंगनंतर नोटीस बोर्डवर एक ओळ लागली की अमुक तारखेपासून खजिनदार म्हणून तमुक काम बघतील. का, कोणी ठरवलं, अजून कोणाचं नाव होतं का, काही नाही. एक ओळ.

आता खरी गोष्ट पुढे आहे. जे नवीन खजिनदार आले ते अतिशय सज्जन गृहस्थ, बँकेतून रिटायर झालेले, माझ्यापेक्षा हिशोबात दहापट हुशार. पण त्यांची नेमणूक ज्या पद्धतीने झाली त्यामुळे पुढची दोन वर्षं जिन्यात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये एकच कुजबूज की हे चेअरमनचे माणूस. त्यांनी खरंच योग्य बिल पास केलं तरी लोक म्हणायचे बघा केलं, आणि एखादं बिल अडवलं असतं तर चेअरमन म्हणाले असते मी तुम्हाला आणलं आणि तुम्ही मलाच अडवता. त्या माणसाला दोन्हीकडून त्रास, आणि चूक त्यांची काडीचीही नव्हती.

पालिकेच्या वादाचं मूळ मला तिथेच दिसतं. नेमणूक अंधारात झाली की नेमलेला माणूस चोर निघेल असं नाही, तो चांगला निघाला तरी त्याचा 'नाही' म्हणायचा अधिकार आधीच अर्धा झालेला असतो, कारण तो कोणाचं देणं लागतो याबद्दल सगळ्यांनी आपापला अंदाज बांधलेला असतो.

पालिकेत हे काम दोन जणांत वाटलंय

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. पालिकेत पैशाशी संबंधित दोन मोठी पदं आहेत आणि बातम्यांत ती एकमेकांत मिसळतात.

एक म्हणजे मुख्य लेखा व वित्त अधिकारी. हा आयुक्तांच्या हाताखाली काम करतो. अंदाजपत्रक म्हणजे बजेट बनवायला मदत करणं, बिलं अदा करणं, शिल्लक पैसा कोणत्या बँकेत किती मुदतीने ठेवायचा ते बघणं, कर्ज घेतलं असेल तर हप्ते आणि व्याज, पेन्शन, आणि प्रत्येक मोठ्या प्रस्तावावर 'वित्तीय अभिप्राय' देणं, म्हणजे यासाठी तरतूद आहे का, पैसे आहेत का, परवडतं का हे लेखी लिहिणं. कायद्याने बजेटमध्ये तरतूद नसेल तर खर्च करता येत नाही, आणि तरतूद नाहीये हे फाईलवर लिहायचं काम याचं.

दुसरा म्हणजे मुख्य लेखापरीक्षक, आपल्या भाषेत ऑडिटर. हा झालेला खर्च तपासतो आणि याचा अहवाल स्थायी समितीकडे जातो. स्थायी समिती म्हणजे १६ नगरसेवकांची समिती, पालिकेच्या पैशाचे बहुतेक निर्णय तिच्यासमोरून जातात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये मुख्य लेखापरीक्षक हे पद नाव घेऊन आलंय आणि ते भरायचा अधिकार निवडून आलेल्या महापालिकेला दिलाय. यामागचा विचार सरळ आहे, खर्च करणारा आयुक्त, तर तपासणारा आयुक्ताने नेमलेला नको.

घरातलं उदाहरण घ्या, स्वयंपाकात मीठ घालताना हात धरणारा एक आणि चव बघणारा दुसरा. लेखा अधिकारी मीठ घालताना हात धरतो, ऑडिटर नंतर चव बघून सांगतो. दोघंही लागतात, आणि दोघंही भिडेखातर गप्प बसणारे असतील तर जेवण कसं झालंय हे पाहुण्यांनाच आधी कळतं.

जाता जाता सांगते, पुण्याला हे पद काही नवीन नाही. पेशवाईत जमाखर्चाचे कागद ज्याच्या दप्तरातून जायचे तो फडणीस, आणि ते पद भानू घराण्यात पिढ्यान् पिढ्या चाललं, नाना फडणवीस हे त्याच घरातले. तेव्हा पद घराण्यातून मिळायचं आणि त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नव्हतं. आता रयतेची जागा करदात्याने घेतलीये, त्यामुळे विचारायचं कोणी हा प्रश्न सुटलाय, फक्त आपण विचारत नाही.

पैसा किती आहे

पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचं होतं. दिवसाला भागलं तर साधारण ३४ कोटी. अंदाजपत्रक म्हणजे अंदाजच असतो, प्रत्यक्ष जमा आणि खर्च कमी होतो हे मान्य, तरी आकडा डोक्यात ठेवा. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली (त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुढे वेगळी झाली), त्या गावांना पाणी, ड्रेनेज, रस्ते द्यायचेत, म्हणजे प्रत्येक रुपयावर दहा जणांचा हक्क आहे आणि कोणाला तरी थांबा म्हणावं लागणार आहे.

जून २०१७ मध्ये पालिकेने २४ तास पाणीपुरवठा योजनेसाठी बाजारातून २०० कोटींचे कर्जरोखे काढले, १० वर्षांसाठी, ७.५९ टक्के व्याजाने. म्हणजे वर्षाला १५ कोटींच्या वर नुसतं व्याज. कर्ज काढावं का, कधी काढावं, काढलेला पैसा योजना अडकली तर तोवर कुठे ठेवावा, हे सगळं हिशोबनिसाचं काम नाही, त्याला वित्ताची समज लागते.

आणि पैसा ठेवायचा कुठे हे किती महत्त्वाचं आहे ते शेजारीच बघा. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले तेव्हा पिंपरी चिंचवड महापालिकेचे सुमारे ९८३ कोटी रुपये त्या बँकेत होते. निर्बंध दोनेक आठवड्यांत उठले, पैसा बुडाला नाही, पण ते दिवस आठवा, कोविड दारात आला होता आणि एका शहराचा एवढा पैसा हात लावता येणार नाही अशा जागी पडून होता. इथे मी कोणावर आरोप करत नाहीये. बँक निवडणं हा निर्णय कोणीतरी एका खुर्चीत बसून घेतं, आणि त्या खुर्चीत कोण बसतं हे आपल्याला साधारणपणे माहीतही नसतं, एवढंच म्हणतेय.

मग त्या खुर्चीत माणूस येतो कसा

साधारण चार रस्ते आहेत. पहिला प्रतिनियुक्ती, म्हणजे राज्य शासनाच्या महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेतला अधिकारी काही वर्षांसाठी पालिकेला उसना मिळतो, त्याची मूळ नोकरी शासनातच राहते. दुसरा पदोन्नती, पालिकेच्या लेखा विभागात वर्षानुवर्षं काम केलेला माणूस वर चढतो. तिसरा जाहिरात देऊन थेट भरती. आणि चौथा, जो कागदावर तात्पुरता असतो पण बरेचदा लांबत जातो, तो म्हणजे अतिरिक्त कार्यभार. एकाची खुर्ची रिकामी झाली, दुसऱ्याला सांगितलं तुझं काम सांभाळून हेही बघ.

प्रत्येक रस्त्याचे आपले गुण आहेत आणि पुण्यात नेहमी जो वाद होतो, बाहेरचा बरा की आतला बरा, त्यात दोन्ही बाजूंना तथ्य आहे. बाहेरून आलेल्याला इथल्या ठेकेदारांशी, नगरसेवकांशी जुनी ओळख नसते, त्यामुळे नाही म्हणणं सोपं जातं, आणि तो शासनाचा माणूस असल्यामुळे पालिकेत त्याचं प्रमोशन कोणाच्या हातात नसतं. पण त्याला मुंढव्याचा प्रकल्प कुठे अडकलाय, कोणतं हेड (बजेटमधलं खर्चाचं खातं) कशाला वापरतात, हे कळेपर्यंत वर्ष जातं आणि तोवर बदलीची ऑर्डर येते. आतल्या माणसाला सगळं पाठ असतं, पण ज्याला अडवायचं त्याच्याबरोबर त्याने वीस वर्षं डबा खाल्लेला असतो. मला विचाराल तर आतला की बाहेरचा हे दुय्यम आहे. दोन्ही रस्त्यांनी चांगला माणूस येऊ शकतो आणि दोन्ही रस्त्यांनी गैरसोयीचा माणूस बाजूला करता येतो, आणि ते झालं तर आपल्याला फक्त एका ओळीची ऑर्डर दिसते, 'प्रशासकीय कारणास्तव'.

त्यात गेल्या काही वर्षांत एक वेगळीच परिस्थिती होती जी नीट समजून घ्यायला हवी. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक राज. म्हणजे आयुक्त हेच प्रशासक, स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे आणि मुख्य सभेचेही, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेचेही. प्रस्ताव मांडणारा, मंजूर करणारा आणि ऑडिटचा अहवाल ज्याच्यासमोर ठेवायचा तो, तिन्ही एकच. माणूस कितीही चांगला असो, अशी रचना असू नये, आमच्या सोसायटीत चेअरमन, खजिनदार आणि ऑडिटर एकच कोणी झाला असता तर जनरल बॉडीत खुर्च्या उडाल्या असत्या. आता सभागृह परत आलंय, तर हा विषय पहिल्यांदा तिथे बोलला गेला पाहिजे.

मग नक्की मागतोय काय आपण

पारदर्शकता हा शब्द इतका वापरून झालाय की ऐकून काही वाटेनासं झालंय, म्हणून तो इथे एकदाच ठरवून टाकू. या विषयात त्याचा अर्थ एवढाच की माणूस निवडण्याआधी नियम लोकांना दिसले पाहिजेत आणि निवडल्यावर कारण दिसलं पाहिजे.

म्हणजे पद कधी रिकामं होणार ते आधी जाहीर करा. त्याला शिक्षण काय लागतं, किती वर्षांचा कोणता अनुभव लागतो, ते सेवाप्रवेश नियमात असतं, तो कागद वेबसाईटवर सहज सापडेल असा ठेवा. कोणाकोणाचा विचार झाला आणि कोणी केला ते सांगा. ज्याला निवडलं त्याला का निवडलं ते चार ओळीत लिहा. मुदत किती ते लिहा, आणि मुदतीआधी हलवलं तर का हलवलं ते लिहा. माझ्या मते यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे शेवटचं आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. येताना सनई वाजते, जाताना कोणी बघत नाही, आणि 'नाही' म्हणणाऱ्याची किंमत तो जातानाच वसूल होते.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी हे तत्त्व कायद्यात आहेही. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात, जो अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर आला, साधारण कालावधी तीन वर्षांचा धरलाय आणि त्याआधी बदली करायची तर कारण लेखी नोंदवायला सांगितलंय. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये.

"पण हा आतला प्रशासकीय विषय आहे, लोकांचा काय संबंध?"

हे उत्तर अनेकांकडून ऐकलंय. चला, एक तुलना करून बघू. सहकारी गृहनिर्माण सोसायटीचा ऑडिटर कमिटी आपापसात ठरवत नाही, तो सर्वसाधारण सभेत सगळ्या सभासदांसमोर ठरतो, तोही शासनाने मान्य केलेल्या पॅनेलवरून. ५२ फ्लॅटच्या वर्षाच्या काही लाखांसाठी आपण एवढं करतो, त्याची नोटीस काढतो, ठराव लिहितो, सूचक अनुमोदक लागतात. आणि बारा हजार कोटींच्या बाबतीत म्हणायचं की हा आतला विषय.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ लोक विसरतात. आपल्याला वाटतं माहिती अधिकार म्हणजे दहा रुपयाचा स्टॅम्प लावून अर्ज करायचा आणि वाट बघायची. कलम ४ म्हणतं की बरीचशी माहिती कार्यालयाने कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायची आहे, आणि लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यामागची तथ्यं पण द्यायची आहेत. तिजोरी कोण सांभाळणार या निर्णयाचा परिणाम लोकांवर होत नाही असं कोण म्हणेल?

हा प्रश्न फक्त पुण्याचा किंवा पालिकेचा आहे असंही नाही. देशाचा सगळ्यात मोठा ऑडिटर म्हणजे कॅग, त्याची नेमणूक फक्त सरकारच्या हातात असावी का, यावर मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला नोटीस काढलीये. गल्लीत जो प्रश्न पडतो तोच दिल्लीत पडलाय.

"माणूस प्रामाणिक असला की झालं, प्रोसेस कशाला?"

हे म्हणणारे लोक बहुतेक मनापासून म्हणतात आणि पुण्यात तर त्याला लगेच रामशास्त्र्यांचा दाखला देतात. पेशव्यांनी नेमलेला न्यायाधीश, पण नारायणरावांच्या खुनात राघोबादादांना दोषी ठरवताना कचरला नाही. बरोबर आहे, पण पुढचं वाक्य सांगायचं राहून जातं, रामशास्त्र्यांना पद सोडून पुण्याबाहेर जावं लागलं. दोषी तिथेच आणि न्यायाधीश गावाला. शंभर वर्षांत एक रामशास्त्री होतो, पालिकेत दर तीन वर्षांनी लेखा अधिकारी लागतो.

आणि प्रामाणिक दिसण्याचं म्हणाल तर अमेरिकेतल्या डिक्सन गावची गोष्ट ऐका. इलिनॉय राज्यातलं हे जेमतेम १६ हजार वस्तीचं गाव, माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं बालपण तिथे गेलं. गावाच्या वित्त अधिकारी रिटा क्रंडवेल १९८३ पासून त्या पदावर. सगळ्यांच्या विश्वासातल्या. १९९० मध्ये त्यांनी गावाच्या नावाने एक गुपचूप बँक खातं उघडलं, नाव असं ठेवलं की वाटावं सांडपाण्याच्या कामाचा राखीव निधी आहे, आणि गावाचा पैसा तिथून स्वतःकडे वळवत राहिल्या. त्यांना उमद्या घोड्यांचा शौक होता, शेकडो घोडे होते, लोकांना वाटायचं घोड्यांच्या धंद्यात चांगलं कमावते बाई. तिकडे गावात पैसे नाहीत म्हणून रस्त्यांची कामं थांबायची, पोलिसांच्या रेडिओला पैसे नसायचे, आणि पैसे नाहीत हे सांगायला त्याच बाई यायच्या. दोन दशकांत ५ कोटी ३७ लाख डॉलर गेले, म्हणजे गावातल्या माणशी तीन हजार डॉलरच्या वर. दरवर्षी ऑडिट होत होतं बरं का.

सापडलं कसं तर २०११ मध्ये त्या सुट्टीवर गेल्या, त्यांच्या जागी काम बघणाऱ्या बाईंनी बँकेकडून सगळ्या खात्यांचे स्टेटमेंट मागवले आणि त्यात एक अनोळखी खातं निघालं. एका सहकाऱ्याने सगळी पानं मागवली, बस. २०१३ मध्ये साडेएकोणीस वर्षांची शिक्षा झाली.

ही गोष्ट मी भीती घालायला सांगत नाहीये. पद एकाकडेच किती वर्षं राहावं, मुदत लेखी असावी का, मुदत वाढवताना कोणी नव्याने विचार करतं का, की आहेत ना त्या, चांगलं चाललंय, असं म्हणून पुढे जातं, हे प्रश्न नेमणुकीच्या पारदर्शकतेचेच प्रश्न आहेत. मुदतवाढ ही पण एक नेमणूकच असते.

"नावं जाहीर केली तर चांगले लोक पुढे येणार नाहीत"

हा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. एखाद्या अधिकाऱ्याने अर्ज केला, निवड झाली नाही, आणि सगळ्या ऑफिसात बोभाटा झाला, तर पुढच्या वेळी तो कशाला अर्ज करेल? शिवाय माणसाचा खाजगीपणा आहे, त्याचं आजारपण, घरची परिस्थिती, गोपनीय अहवाल, हे चव्हाट्यावर आणायचं कारण नाही. तिथे मी पूर्णपणे त्या अधिकाऱ्याच्या बाजूने आहे.

पण निकष जाहीर करायला कोणाचा खाजगीपणा आड येतो? निवड समितीत कोण होतं हे सांगण्यात काय खाजगी आहे? फेब्रुवारी २०१९ मध्ये माहिती आयुक्तांच्या नेमणुकांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्यात नेमणुकीची प्रक्रिया, निकष, उमेदवारांची नावं वेबसाईटवर असावीत असंच सांगितलं. ते पद काही लहान नाही, आणि त्यामुळे अर्ज येणं बंद झालेलं नाही. आपल्या पुण्याचंच अजून एक उदाहरण, पुणे जिल्हा न्यायालयातल्या लिपिक भरतीत बाकीच्या उमेदवारांचे मार्क सांगावेत का या प्रश्नावर नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगा असं म्हटलं, कारण भरती सार्वजनिक आहे.

त्यानंतर एक बदल झालाय तो लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा संरक्षण कायद्यामुळे माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम कडक झालं, आता 'ही वैयक्तिक माहिती आहे' म्हणून नकार देणं अधिकाऱ्याला सोपं झालंय. तरी जनहित मोठं असेल तर माहिती देता येते हे कलम शिल्लक आहे. माझं म्हणणं असं की यापुढे माणसाची माहिती मागण्यापेक्षा प्रक्रियेची माहिती मागावी. सेवाप्रवेश नियम, टिपणी (म्हणजे निर्णयाआधी फाईलवर लिहिलेली नोंद), समितीचं इतिवृत्त, ऑर्डर. त्यात वैयक्तिक काही नसतं आणि आपल्याला जे हवंय ते सगळं असतं.

"मग नगरसेवकांसारखं त्यालाही निवडूनच देऊ की"

न्यूयॉर्कमध्ये करतात, तिथला कंप्ट्रोलर लोक निवडून देतात आणि तो महापौराच्या खात्यांचं ऑडिट करतो. ऐकायला छान वाटतं. पण कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीचा खजिनदार रॉबर्ट सिट्रॉन हाही लोकांनीच निवडलेला, अनेक वर्षं. तो सरकारी पैसा फार जोखमीच्या ठिकाणी गुंतवत होता, व्याज जास्त येत होतं, सगळे खूश. १९९४ च्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला उमेदवार, जो स्वतः अकाउंटंट होता, ओरडून सांगत होता की हे बुडणार आहे. लोकांनी त्या ओरडणाऱ्यालाच पाडलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली, तोटा १६० कोटी डॉलरच्या वर. इतका तांत्रिक विषय प्रचारात कळत नाही, त्यामुळे मतदान हे इथे उत्तर नाही असं मला वाटतं. निवडलेल्यांनी नेमावं, पण उघड्यावर नेमावं.

"यात वेळ जातो, बिलं थकतात, कामं अडतात"

निवृत्तीची तारीख नोकरीला लागल्या दिवशी माहीत असते, प्रतिनियुक्तीची मुदत ऑर्डरवरच लिहिलेली असते. सहा महिने आधी सुरुवात केली तर एक दिवस खुर्ची रिकामी राहणार नाही. घाई होते कारण सुरुवात उशिरा होते, एवढंच आहे ते.

अतिरिक्त कार्यभाराला मात्र कमाल मुदत हवी आणि ती संपली की सभागृहासमोर यायला हवं. कार्यभारावरचा माणूस उद्या असेल की नाही माहीत नसतं, मग मार्चअखेरीला वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाला फिरवायचे प्रस्ताव, दवाखान्याचे पैसे रस्त्याला वगैरे, तेव्हा तो कशाच्या बळावर लिहिणार की हे योग्य नाही?

काकू, तुमच्यासाठी

तुम्ही विचारलं होतं फरक काय पडतो आणि करायचं काय. महापालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात माहिती अधिकाराचा अर्ज न करता फाईली बघता यायच्या, ही पद्धत पुण्यात रुजली आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने जिल्हा स्तरावरच्या आणि स्थानिक संस्थांच्या कार्यालयांना तीच लागू केली. ती आता चालू आहे का ते आधी विचारून घ्यायचं, नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करायचा. सामान्य प्रशासन विभागात जायचं आणि तीनच कागद मागायचे, मुख्य लेखा व वित्त अधिकारी आणि मुख्य लेखापरीक्षक या दोन पदांचे सेवाप्रवेश नियम, सध्याच्या नेमणुकीची ऑर्डर, आणि त्या ऑर्डरमागची टिपणी. ऑर्डर बहुतेक एका पानाची असेल. टिपणी किती पानांची आहे आणि तिच्यात कारण लिहिलंय का, ते बघायचं. मी या सोमवारी जातेय, अडीचला गेटपाशी या, बरोबर जाऊ, आणि चष्मा आठवणीने घ्या, टिपणीची अक्षरं बारीक असतात.